माणसांचा दुष्काळ: महामारीतली कॅन्सरची मुलं

परळच्या आसपास, कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मुलांच्या घरच्यांमध्ये तासभर बसलं की एक शब्द सतत कानावर पडतो: काउंट. ‘काउंट किती आले?’ ‘काउंट पडलेत, केमो पुढे गेली.’ ‘काउंट वर आले की चार दिवस गावाला जाऊन येऊ.’ साताऱ्याची आई असो, बिहारचे वडील असोत की बंगालहून आलेला मामा, या शब्दाला भाषांतर लागत नाही. सहा वर्षांचं पोरगंही खेळता खेळता दुसऱ्याला विचारतं, ‘तेरा काउंट कितना?’ जणू क्रिकेटचा स्कोअरच.

काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मोजणी, त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची. शरीरात जंतू शिरले की सगळ्यात आधी धावून जाणारे हे राखणदार. केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात आणि अस्थिमज्जेत रोज नव्याने तयार होणारे हे राखणदारही मरतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ते साधारण दीड हजारांच्या वर असतात. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ते पाचशेच्याही खाली जाऊ शकतात, आणि मग शेजारच्याची साधी शिंकही महागात पडते. म्हणून मास्क, सतत हात धुणं, बाहेरचं खाणं बंद, कापून ठेवलेली फळं बंद, लग्नकार्य बंद, पाहुणेरावळे बंद.

मार्च २०२० मध्ये हे सगळं साऱ्या देशाने शिकून घेतलं. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून टाळेबंदी. त्या दिवसांत कितीतरी मुलांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट बोलून दाखवली: आता सगळेच माझ्यासारखे झाले. ते ऐकून आम्हा मोठ्यांना गहिवरून आलं, आणि त्या गहिवरातच आम्ही एक सोयीचा निष्कर्ष काढला, की या मुलांना सवय आहे, यांना काही फार जड जाणार नाही.

मुलांशी खेळायला, गोष्टी सांगायला जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक होते. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जात होते. तो निष्कर्ष मीही काढला होता. तो निम्मा बरोबर निघाला.

निम्मा बरोबर कसा, ते आधी सांगते. नेदरलँड्समध्ये उत्रेख्त शहरात प्रिन्सेस मॅक्सिमा सेंटर नावाचं मुलांच्या कॅन्सरचं मोठं केंद्र आहे. महामारीच्या पहिल्या काही महिन्यांत तिथल्या मुलांच्या आणि पालकांच्या मानसिक ताणाची आधीच्या काळाशी तुलना केली गेली, तेव्हा ताण वाढलेला दिसला नाही. मला यात फार आश्चर्य वाटत नाही. ज्या घरावर आभाळ आधीच कोसळलेलं असतं, त्याला पावसाची बातमी नवी नसते. शिवाय बाहेरचं जगही तेच नियम पाळायला लागलं की मूल एकटं वेगळं दिसत नाही. केस गेलेली एक बारा वर्षांची मुलगी मला फोनवर म्हणाली होती, ‘ताई, आता मास्ककडे कुणी वळून बघत नाही.’ तिच्या आवाजात चक्क समाधान होतं.

पण उत्रेख्तला उपचार घेणाऱ्या मुलाला रात्री आपल्या घरी जाता येतं. तो देशच लहान आहे. परळला येणारं मूल हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेलं असतं. तिथलं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं, आणि आज देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथे येतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी मुलांच्या कुटुंबांसाठी चालवलेली निवासं, कुणाच्या ओळखीने मिळालेली चाळीतली खोली, आणि काहीच जमलं नाही तर फुटपाथ. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकारावरचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने तर दवाखान्यापासून लांब जाताच येत नाही. परक्या शहरात, परक्या भाषेत, आई आणि मूल एवढे दिवस काढतात ते कुणाच्या जोरावर?

इथे दुसरा काउंट सुरू होतो. माणसांचा. तो कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

एकामागून एक वजा

मानसिक स्वास्थ्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हसरं मूल येतं. कॅन्सरच्या वॉर्डात ही व्याख्या कामाची नाही. पाठीतलं इंजेक्शन घेऊन आलेलं मूल हसत असेल तर मला उलट काळजी वाटते. सोपी आणि खरी व्याख्या अशी: दुखलं तर रडता येणं, राग आला तर चिडता येणं, आणि ते ओसरल्यावर पुन्हा खेळाकडे वळता येणं. वादळ येणारच. त्यातून परत येण्याची वाट शाबूत आहे का, एवढंच बघायचं.

ती वाट माणसांनी बनलेली असते. सुई लावताना दरवेळी तेच गाणं म्हणणारी सिस्टर. वॉर्डातल्या मावशी, ज्यांना प्रत्येक मुलाची आवडती चादर ठाऊक. शेजारच्या खाटेवरचा तो मोठा मुलगा, ज्याची तीच केमो सहा महिन्यांपूर्वी झाली आणि ज्याचे केस आता परत येताहेत. हा मुलगा तर फार महत्त्वाचा. ‘केस परत येतात’ हे डॉक्टर सांगतात तेव्हा ती माहिती असते. त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला की तो पुरावा होतो.

महामारीने नेमकी हीच माणसं एकेक करून वजा केली. डे केअरमध्ये, म्हणजे दिवसभरात केमो देऊन सोडतात त्या विभागात, एक सोडून एक खुर्ची. मुलांनी एकमेकांची खेळणी घ्यायची नाहीत. खेळघर बंद, आम्ही स्वयंसेवक फाटकाबाहेर. मुलाजवळ एकच पालक, आणि तोही शक्यतो बदलायचा नाही. यात कुणाची चूक नव्हती. काउंट पडलेल्या मुलांच्या वॉर्डात कोविड शिरला तर काय होईल, या विचाराने डॉक्टरांची झोप उडालेली होती, आणि नियम त्या भीतीतून आले. पण औषधाला जसे दुष्परिणाम असतात तसे नियमांनाही असतात. फरक एवढाच, की औषधाचे दुष्परिणाम फाइलमध्ये लिहिलेले असतात.

एक पालक म्हणजे बहुतेक वेळा आई. वडील गावी अडकलेले, किंवा मुंबईतच पण फाटकाबाहेर. गाड्या बंद होत्या. लोकलही बंद होती. ती आधी अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली आणि कॅन्सरच्या रुग्णांना परवानगी नंतर मिळाली. तोवर बदलापूर-पनवेलकडून येणाऱ्यांनी केमोच्या तारखा कशा गाठल्या, ते त्यांचं त्यांनाच माहीत. वडील, आजी, धाकटी बहीण सगळे फोनच्या पडद्यावर आले. आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्याचा आधार वाटतो. तीन वर्षांच्या मुलाला वाटतो का, याबद्दल मला शंका आहे. एक चिमुरडी फोन बंद झाला की तो उलटा करून मागे बघायची, बाबा तिथून बाहेर येतात का ते पाहायला.

ताप

कॅन्सरच्या मुलाच्या घरात थर्मामीटर हे देवघरातल्या समईसारखं असतं, हाताशी, रोजचं. काउंट पडलेल्या मुलाला ताप आला की तासाभरात प्रतिजैविक शिरेतून सुरू व्हायला हवं, हे प्रत्येक आईला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. ताप आला, पिशवी उचलली, निघाली.

महामारीत याच तापाचा अर्थ बदलला. ताप म्हणजे आधी कोविडची शंका. म्हणजे नाकात काडी घालून चाचणी, निकालापर्यंत वेगळी खोली, ओळखीच्या वॉर्डाऐवजी भलताच मजला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी असलेल्या मुलाच्या नाकातून पटकन रक्त येऊ शकतं, त्यामुळे ती काडीसुद्धा साधी गोष्ट नव्हती. आणि समोर येणारी माणसं पांढऱ्या पीपीई किटमधली, नखशिखान्त झाकलेली, कोण सिस्टर आणि कोण डॉक्टर ते कळायची सोय नाही. लहान मूल मोठ्यांचा चेहरा वाचून ठरवतं, की घाबरायचं की नाही. चेहराच झाकला तर ते स्वतःच ठरवतं, आणि बहुधा घाबरायचंच ठरवतं.

यावर एक साधा उपाय आधीपासून होता. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती तेव्हा, २०१५ च्या सुमारास, मेरी बेथ हेफरनन या अमेरिकी कलावतीने लायबेरियात आरोग्य कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो छापून त्यांच्या किटवर छातीशी चिकटवायला सुरुवात केली. कोविडमध्ये अनेक ठिकाणी ही कल्पना पुन्हा वापरली गेली. खर्च किती, तर एका स्टिकरचा. जिथे फोटो नव्हते तिथे सिस्टरनी किटवर स्केचपेनने नावं लिहिली, मांजर काढलं. ‘मांजरवाली सिस्टर’ एवढी ओळख मुलाला पुरते.

मग धोका खरोखर केवढा होता? ४५ देशांतल्या, कोविड झालेल्या १५०० कॅन्सरग्रस्त मुलांची एक जागतिक नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण पाचातल्या एका मुलाचा आजार गंभीर झाला होता आणि कोविडमुळे दगावलेल्या मुलांचं प्रमाण ३.८ टक्के होतं. निरोगी मुलांच्या मानाने हा धोका कितीतरी मोठा. पण बहुसंख्य मुलं यातून बाहेर पडली, हेही त्याच आकड्यांत आहे. त्याच नोंदीतली आणखी एक गोष्ट मला मनाच्या दृष्टीने मोलाची वाटते. निम्म्याहून अधिक मुलांच्या कॅन्सरच्या उपचारांत या काळात बदल करावा लागला. उपचारांचा ठरलेला क्रम, ज्याला सगळे प्रोटोकॉल म्हणतात, तो या घरांचं पंचांग असतो. अमुक तारखेला हे, मग ते, दिवाळीपर्यंत मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या घ्यायचा शेवटचा लांब टप्पा. पंचांग फाटलं की सण कधी येणार ते कळत नाही. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे वाक्य मुलाला इंजेक्शनपेक्षा जास्त छळतं.

‘रक्तात इन्फेक्शन आहे’

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसले ती सांगते.

आपल्याकडे मुलाला कॅन्सर हा शब्द सांगत नाहीत. निदान सुरुवातीला तरी नाही. शब्द उच्चारला की आजार वाढेल अशी काहीतरी भीती असते, आणि मुलाचं बालपण वाचवायची धडपडही असते. मग पर्यायी शब्द शोधला जातो, आणि दहांतल्या आठ घरांत, माझ्या अंदाजाने, तो एकच असतो: ‘बाळा, तुझ्या रक्तात इन्फेक्शन झालंय, ते काढायला आलोय.’

एरवी ही थाप खपून जायची. २०२० मध्ये तिला विष चढलं. टीव्हीवर, फोनच्या कॉलर ट्यूनवर, भिंतींवर, सगळीकडे इन्फेक्शन हा एकच शब्द. इन्फेक्शन एकापासून दुसऱ्याला होतं. इन्फेक्शन असलेल्याला घेऊन जातात. इन्फेक्शनमुळे आजी-आजोबा मरतात. आता विचार करा, ज्या मुलाला वर्षभर सांगितलंय की तुझ्यात इन्फेक्शन आहे, ते यातून काय समजेल?

नऊ वर्षांचा एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलेना. लाडका नातू, आजी तिकडे रडायची. आईला वाटलं, कंटाळला असेल, चिडला असेल. आठवडाभराने समुपदेशक ताईंनी चित्रं काढायला दिली, तेव्हा त्याने फोन काढला आणि फोनमधून हिरवे ठिपके बाहेर पडताना काढले. त्याला वाटत होतं, आपलं इन्फेक्शन फोनमधून आजीला होईल. आजी म्हातारी आहे, आणि म्हातारी माणसं इन्फेक्शनने मरतात असं टीव्हीवर सांगतात. पोर आठवडाभर आजीचा जीव वाचवत बसलं होतं.

त्याला मग खरं सांगितलं. तुझ्या आजाराचं नाव वेगळं आहे. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. तू काही खाल्लंस, केलंस, बोललास म्हणून तो झालेला नाही. संध्याकाळी त्याने स्वतःहून फोन लावला.

मुलांना खरं सांगायचं म्हणजे सगळं एका दमात सांगायचं नसतं. आधी त्याला काय माहीत आहे ते विचारावं. बहुतेकदा पुष्कळ माहीत असतं. सलाईन लावताना मोठी माणसं डोक्यावरून बोलत असतात तेव्हा कान उघडेच असतात. मग विचारलं तेवढ्याचंच उत्तर, सोप्या शब्दांत, खोटं न मिसळता. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपण वाईट वागलो म्हणून शिक्षा झाली असं सहज वाटतं, त्याला ‘तुझी चूक नाही’ हे शंभरदा सांगावं लागतं. शाळकरी मुलाला गोष्टींची कारणं हवी असतात. आणि ‘मी मरणार का?’ असा प्रश्न आला तर विषय बदलू नये. ‘हे तुला कशावरून वाटलं?’ एवढं विचारलं तरी निम्मी भीती बाहेर येते. अनेकदा मागे काहीतरी नेमकं असतं: शेजारची खाट अचानक रिकामी झालेली असते, आणि कुणी काही बोललेलं नसतं.

मोठी मुलं, बंद दारं

लहानग्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं मधल्या मध्ये राहतात. मुलांच्या वॉर्डात त्यांचे पाय खाटेबाहेर येतात आणि मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी साठीचे आजोबा असतात. हाडाचा एक कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा, नेमका याच वयात डोकं वर काढतो, गुडघ्याजवळ बहुतेकदा. म्हणजे ज्या वयात शरीर आपलंसं करायचं त्याच वयात ऑपरेशन, कधी पाय गमावणं. मूल होण्याच्या क्षमतेवर केमोचा परिणाम होऊ शकतो, त्यासाठी आधी काय करता येईल, हे बोलणं एरवीच अवघड. आता ते दोन मास्क आणि सहा फुटांच्या अंतरावरून, वडिलांसमोर.

शाळेचं मात्र विचित्र झालं. सगळ्या महाराष्ट्राच्या शाळा फोनवर आल्या, आणि वर्षभर वर्गाबाहेर असलेलं मूल एकाएकी वर्गात आलं. खाटेवर बसून. कॅमेरा बंद ठेवला की टक्कल दिसत नाही, बाईंनी हाक मारली की ‘प्रेझेंट’. हजेरीत नाव आलं याचा आनंद मी काही मुलांकडून ऐकला आहे आणि तो खरा होता. (रेंज आणि फोन असलेल्यांचा. एकच फोन, तोही वडिलांसोबत गावी, अशी घरंही होती.) मग ४ ऑक्टोबर २०२१ पासून शहरांतले आठवी ते बारावीचे आणि गावांतले पाचवीपासूनचे वर्ग टप्प्याटप्प्याने भरू लागले. टाळ्या वाजल्या. काही ठिकाणी ऑनलाइन तास बंद झाले, आणि खाटेवरचा विद्यार्थी पुन्हा वर्गाबाहेर गेला. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डब्याचे, मैदानाचे फोटो येऊ लागले. सगळं बंद असताना जो ठीक होता, तो सगळं उघडल्यावर खचला. मोठ्यांना हे कोडं वाटायचं. ‘आता तर सगळं सुरू झालंय, आता काय झालं?’ तेच तर झालं होतं. सगळे त्याच्यासारखे होते ते आता राहिले नव्हते.

लसीचंही तसंच. १८ वर्षांवरच्या सगळ्यांना मे २०२१ पासून, १५ ते १८ वयाच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून, बारा ते चौदाच्या मुलांना त्याच मार्चपासून. बारा वर्षांखालच्यांसाठी मोहीम आलीच नाही. शेवटपर्यंत मास्क लावून फिरणारं घर हे बहुधा कॅन्सरच्या मुलाचं असायचं, आणि लोक हसायचेसुद्धा.

या वयातला खचलेपणा रडून दिसत नाही. तो ‘काही नाही, मी बरा आहे’ या वाक्यात असतो, भिंतीकडे तोंड करून झोपण्यात असतो, आणि गोळ्यांत असतो. मेंटेनन्सच्या टप्प्यात रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज घरी घ्यायची असते. अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे, की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या तर आजार उलटण्याचा धोका अडीच पटीच्या आसपास जातो. म्हणजे महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी पुरे. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, डॉक्टर फोनवर भेटू लागले (दूरवैद्यकाची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२०लाच निघाली, हे बरंच झालं), तेव्हा या वयातली मुलं आणि गोळ्यांची डबी घरात एकटी उरली. मन कशाला जपायचं, आधी कॅन्सर बरा होऊ दे, असं म्हणणाऱ्यांना मी ही गोळी दाखवते.

एक गोष्ट जाता जाता. स्टेरॉइड चालू असताना मुलं भयंकर चिडतात, रडतात, आणि भुकेने वेडीपिशी होतात. तो औषधाचा परिणाम आहे, पोराचा स्वभाव बिघडलेला नाही. टाळेबंदीत रात्री दोन वाजता वडापावसाठी आकांत करणारं मूल आणि बाहेर चिटपाखरू नाही, हे ज्या आयांनी काढलं त्यांना माझा दंडवत.

आईचं काय

मुलाच्या मनाचा थर्मामीटर म्हणजे आई. तिचं मन ढासळलं की मुलाचं ढासळतं, हे वॉर्डात कुणीही सांगेल. आणि आईजवळ काय उरलं होतं? धर्मशाळेतल्या, निवासातल्या सामायिक स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता जो धीर मिळतो, ‘माझ्या पोरालाही असंच झालं होतं, उतरेल ताप’, तो अंतराच्या नियमांत गेला. रक्तदान शिबिरं थांबली, कॉलेजं-ऑफिसं बंद, त्यामुळे प्लेटलेटसाठी ती स्वतः फोनवर अनोळखी लोकांच्या विनवण्या करायची, आणि शेजारी मूल झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचं. दुसरं भावंड गावी आजीकडे. त्याच्या वाटेला तर फोनही उरलासुरला. ही भावंडं बोलत नाहीत, पण पुढे कित्येक वर्षं त्यांच्या मनात एक हिशेब राहतो.

काही मुलं मुळातच उशिरा पोचली. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी घटलेली दिसली. कॅन्सर काही निम्म्याने कमी झाला नव्हता. ‘दोन महिने आधी आलो असतो तर’ हे वाक्य घेऊन आलेल्या आईला आधी त्या वाक्यातून सोडवावं लागतं. गाड्या तिने बंद केल्या नव्हत्या.

आणि कृपा करून या मुलांना ‘योद्धा’, ‘फायटर’ म्हणू नये. माझं हे मत अनेकांना आवडत नाही. पण शूर म्हटलेल्या मुलाला रडायची चोरी होते, आणि उद्या औषध लागू पडलं नाही तर ते लढाईत कमी पडलं असा अर्थ निघतो. ‘दुखतंय ना रे?’ हे पुष्कळ आहे.

काय उपयोगी पडलं

मोठ्या योजनांपेक्षा बारीकसारीक गोष्टी. उद्या काय होणार ते आदल्या रात्री मुलाला सांगणं, आणि जे माहीत नाही ते ‘मलाही माहीत नाही, कळलं की तुला आधी सांगीन’ असं सांगणं. दिवसाला आकार देणं: अंघोळ, गोष्ट, फोनवर आजी, झोप, ठरलेल्या वेळी. लहानशी निवड मुलाच्या हातात ठेवणं, सुई कुठल्या हाताला, गोळी दह्यातून की पाण्यातून. बाहुलीला सलाईन लावायला देणं. खेळात मूल स्वतः डॉक्टर होतं, आणि रोज जे त्याच्यावर घडतं ते एकदा तरी त्याच्या हातून घडतं.

आमच्या गटाने फोनवर गोष्टी सांगायला सुरुवात केली तेव्हा फारच फजिती झाली. वीस मुलं एका पडद्यावर, कुणाचा आवाज नाही, कुणाचा नुसता कान दिसतोय. महिनाभराने शहाणपण आलं. वीस जणांचा कार्यक्रम बंद, एकेकाला दहा मिनिटं, तीच ताई, तीच वेळ, दर मंगळवारी. मुलं मंगळवार मोजू लागली. पुढे त्यांनी एकमेकांचे नंबर मागितले, आणि केस परत आलेल्या त्या मोठ्या मुलाचा फोटो नवीन आलेल्याला पाठवला गेला.

काळजी कधी करायची? काउंट चांगले असून, दुखत नसूनही मूल दोन आठवडे खेळाकडे वळत नसेल, जेवण-झोप पार बिघडली असेल, मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, औषध ठामपणे नाकारत असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा समाजसेविकेला सांगावं. मोठ्या कॅन्सर केंद्रांत मानसोपचाराची सोय असते, फक्त ती मागून घ्यावी लागते. ‘मी नसलेलं बरं’ असं काही मूल बोललं तर त्याच दिवशी सांगावं, दोन आठवड्यांची वाट बघू नये. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

आम्हाला पुन्हा आत सोडलं ते बऱ्याच उशिराने, लशीचं सर्टिफिकेट दाखवून, एका वेळी दोघींना. खेळण्यांची पेटी तीच होती. मधल्या काळात प्रत्येक खेळणं इतक्यांदा जंतुनाशकात बुडवलं गेलं होतं, की लाल मोटार गुलाबी झाली होती आणि सिंहाचे डोळे पुसले गेले होते. मी पेटी घेऊन निघाले, नवी आणू म्हणून. एका पोराने तिची कड धरली. त्याला तोच आंधळा सिंह हवा होता, आणि पलीकडच्या खाटेवरचीलाही तोच हवा होता. दोघं भांडू लागली. सिस्टर ओरडायला पुढे आल्या, मग काय वाटलं कोण जाणे, तशाच उभ्या राहिल्या.